स्वामीजी, परतूर आणि शिक्षकांची संघटना

शिक्षकांच्या संघटनांविषयी समाजात दोन ठरीव मते आढळतात. एका मताप्रमाणे संघटना म्हणजे वेतन, बदल्या आणि निवृत्तिवेतन यांसाठी भांडणारे मंडळ. शाळेत काय शिकवले जाते याच्याशी तिला कर्तव्य नाही. दुसऱ्या मताप्रमाणे शिक्षक हा व्रतस्थ असतो, त्याने स्वतःसाठी काही मागणे हेच मुळी त्याच्या पेशाला कमीपणा आणणारे आहे. हे दुसरे मत मांडणाऱ्यांना मराठवाड्यात एक आदर्श नेमका हाताशी सापडतो. तो म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ यांचा. भगव्या वस्त्रातील हा मुख्याध्यापक शिक्षकांपुढे उभा करायचा आणि त्यांच्या मागण्यांना लाज वाटेल असे करायचे, ही रीत जुनी आहे. स्वामीजींचे चरित्र मात्र या उपयोगाला येणारे नाही. ते नीट पाहिले, तर वरील दोन्ही मते अपुरी ठरतात.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. शालेय शिक्षण सोलापुरात चालू असताना १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि या सतरा वर्षांच्याही आतल्या विद्यार्थ्याने अविवाहित राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली. असहकाराच्या लाटेत त्यांनी सरकारी शाळा सोडली. अमळनेरची राष्ट्रीय शाळा आणि नंतर पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ येथे त्यांचे उर्वरित शिक्षण झाले. सरकारच्या अनुदानाखेरीज आणि सरकारच्या मान्यतेखेरीज शाळा चालू शकते, हे त्यांनी प्रथम विद्यार्थी म्हणून अनुभवले.

शिक्षण संपल्यावर ते कोणत्या शाळेत गेले नाहीत. ते गेले कामगार चळवळीत. ना. म. जोशी यांचे सहायक म्हणून त्यांनी काम पत्करले. जोशी स्वतः काही वर्षे शिक्षकी करून भारत सेवक समाजात आलेले. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी ते एक होते आणि त्या काळात तिचे सरचिटणीसपदही त्यांच्याकडे होते. कामगार संघटनांना कायद्याची मान्यता देणारा अधिनियम १९२६ साली झाला, त्याच सुमाराचा हा काळ आहे. निवेदन कसे लिहावे, सभासदांची गाऱ्हाणी कशी गोळा करावीत, एकट्या माणसाची तक्रार सर्वांची मागणी कशी होते, हे सगळे ज्या ठिकाणी शिकता येई तेथे भावी संन्याशाची उमेदवारी झाली. या कामात असतानाच दिल्लीत त्यांना गंभीर आजाराने गाठले आणि ते थांबवावे लागले.

१९२९ साली ते उस्मानाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील, हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आले आणि तिचे मुख्याध्यापक झाले. ही शाळा १९२१ पासून निजामाच्या राज्यात चालू होती आणि त्या राज्यात अशी शाळा चालवणे ही साधी गोष्ट नव्हती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि वरच्या इयत्तांतही तीच भाषा होती. मराठी, तेलुगू अथवा कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या मुलांना परक्या भाषेतून ज्ञान घ्यावे लागे. खासगी शाळांवर परवानगीचे जाचक निर्बंध होते. सभा भरवायची तर गश्ती क्रमांक ५३ नावाने कुप्रसिद्ध असलेल्या आदेशाप्रमाणे आधी अनुमती घ्यावी लागे. १९३१ च्या जनगणनेत या राज्यातील साक्षरता शेकडा पाचच्या आसपास होती. ज्या राज्यात सभाच भरवता येत नाही तेथे शिक्षकांचा संघ स्थापन होणे दूरच राहिले.

१४ जानेवारी १९३० रोजी व्यंकटेशरावांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. या घटनेचा अर्थ लावताना फार चूक होते. संन्यास हा त्यांचा वैयक्तिक निर्णय होता. ज्याने ना. म. जोशींच्या हाताखाली गिरणी कामगारांचे प्रश्न पाहिले, त्याला उपाशी माणसाकडून उत्तम कामाची अपेक्षा करता येत नाही हे कोणी सांगण्याची गरज नव्हती. घरसंसार नसलेल्या माणसाने अल्प वेतनावर राबणे वेगळे आणि चार मुलांच्या बापाला तेच सेवेची अट म्हणून सांगणे वेगळे. त्याग हा करणाऱ्याचा असतो. दुसऱ्याच्या नावावर तो लिहून देता येत नाही.

१९३५ साली स्वामीजी मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला आले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी तेथील योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीचे काम हाती घेतले. शाळेचे काम करता करता या शिक्षकांच्या ध्यानात एक गोष्ट येत गेली. वर्गात कितीही जीव ओतून शिकवले तरी परवानगी देणारा अधिकारी, भाषा ठरवणारे सरकार आणि सभा रोखणारा आदेश यांच्यापुढे एकटी शाळा टिकू शकत नाही. शाळा सुधारायची तर शाळेबाहेर संघटना उभी करणे भाग होते.

ही संघटना ज्या गावी प्रथम उभी राहिली ते परतूर. हैदराबाद ते मनमाड लोहमार्गावरचे हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. आज ते जालना जिल्ह्यात आहे. १९३७ साली येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परिषद ही नावाने शिक्षकांची संस्था नव्हती. तिच्यात वकील होते, व्यापारी होते, शेतकरी होते. परंतु राजकारणाला बंदी असलेल्या राज्यात लोकांना एकत्र येण्यासाठी जे विषय उरले होते त्यांत मातृभाषेतील शिक्षण, खासगी शाळांवरील निर्बंध आणि नागरिकांचे साधे हक्क हे प्रमुख होते, आणि या विषयांचे जाणते प्रत्येक गावी शिक्षकच होते. या परिषदेच्या कामात स्वामीजी पडले, पुढे तिचे सरचिटणीसपद त्यांच्याकडे आले. मुंबईच्या कामगार कचेरीत शिकलेली विद्या येथे उपयोगी पडली.

या टप्प्यावर त्यांनी केलेली एक गोष्ट आजच्या काळात अधिक लक्षात घेण्याजोगी आहे. सार्वजनिक काम पूर्ण वेळेचे झाले तेव्हा १९३८ साली त्यांनी शाळेतील जागा सोडली. हजेरीपटावर नाव एका गावी आणि माणूस दुसऱ्या गावी, असे त्यांनी होऊ दिले नाही. ज्या वर्गाच्या नावाने मागणी करायची त्या वर्गावर शिक्षक नाही, ही विसंगती त्यांना मानवली नसती.

नंतरचा इतिहास सर्वपरिचित आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली आणि ऑक्टोबरमध्ये स्वामीजी सत्याग्रह करून तुरुंगात गेले. त्याच वर्षीच्या अखेरीस वंदे मातरम् गीतासाठी विद्यार्थी उठले, त्यांना महाविद्यालयांतून काढण्यात आले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना आश्रय दिला. शाळेच्या माध्यमाविषयीची तक्रार अशा रीतीने स्वातंत्र्याच्या मागणीला जाऊन मिळाली. १९४० मध्ये स्वामीजींनी पुन्हा कारावास पत्करला. १९४६ साली बंदी उठली, १९४७ मध्ये निर्णायक लढा सुरू झाला आणि १५ ऑगस्टलाच त्यांना अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले.

मुक्तीनंतर सत्तेच्या पदांकडे न वळता ते पुन्हा शाळा-महाविद्यालयांकडे वळले. नांदेड एज्युकेशन सोसायटी आणि १९५० साली सुरू झालेले पीपल्स कॉलेज यांच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९५२ साली गुलबर्गा व १९५७ साली औरंगाबाद येथून ते लोकसभेवर निवडून आले. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ स्थापन झाले. परतूरच्या पिढीने ज्यासाठी सभा भरवल्या, ते मातृभाषेतील शिक्षण आता सरकारी धोरण झाले होते. २२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजी हैदराबाद येथे निवर्तले. नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ साली त्यांचे नाव मिळाले.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. त्यापूर्वीच शिक्षकांच्या संघटनांनी बरेच काही मिळवले होते. राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाने विधान परिषदेच्या एक द्वादशांश जागा शिक्षकांच्या मतदारसंघांना दिल्या. १९७७ च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांना सेवेची शाश्वती आणि न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्क दिला. संस्थाचालकाच्या मर्जीवर नोकरी असणारा शिक्षक आणि त्याच्या शेजारचा कारकून प्रथमच ताठ मानेने उभे राहू शकले. यांतील काहीही आपोआप घडलेले नाही. मात्र या मतदारसंघात माध्यमिक शाळा व त्यावरील संस्थांतील शिक्षकांनाच मत आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील शिक्षक, ज्याच्याकडे खेड्यातील बहुतेक मुले प्रथम येतात, तो या मतापासून वंचित आहे. अर्थात विधिमंडळात शिक्षकांचा आवाज पोचतो तेव्हाही पहिलीच्या वर्गाचा आवाज क्षीणच राहतो.

आणि या जिल्ह्यात पहिलीच्या वर्गाचे महत्त्व अधिक आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जालन्याची साक्षरता शेकडा ७२ च्या जवळपास होती. राज्याच्या सरासरीहून ती सुमारे दहाने मागे होती. अशा जिल्ह्यात संघटनेने काय मागावे हा केवळ सभासदांचा प्रश्न राहत नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी संप झाला. मागणी रास्त होती, तरी परीक्षांच्या दिवसांत पालक संघटनेपासून दूरच राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये अत्यल्प पटाच्या शाळांत नियमित शिक्षकाऐवजी कंत्राटी नेमणुकीचे धोरण आले, तेव्हा २५ तारखेला राज्यातील प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा घेतली. या वेळी शिक्षकाची जागा आणि वाडीवरच्या मुलाची शाळा या दोन गोष्टी एकच होत्या. सरकारला उत्तर देणे अशा मागणीपुढेच सर्वांत कठीण जाते, कारण तिच्यामागे गाव उभे राहू शकते.

स्वामीजींच्या चरित्रातून हिशेब निघतो तो असा. वेतन आणि सेवेची शाश्वती मागणे यात कमीपणा नाही. त्याची दीक्षा त्यांनी कामगार चळवळीत घेतली होती. परंतु परतूरला जमलेल्या लोकांची मागणी मुलांच्या भाषेची आणि शाळेच्या अस्तित्वाची होती, म्हणून तिच्याभोवती सारा प्रांत गोळा झाला. जिल्ह्यातील संघटनांनी आपल्या निवेदनात वेतनश्रेणीच्या कलमाशेजारी दोन शिक्षकी शाळेचे, शाळाबाह्य कामांत जाणाऱ्या तासांचे आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील मुलांच्या हजेरीचे कलम तितक्याच आग्रहाने घातले, तर त्या निवेदनावर सही करायला पालकही पुढे येतील. सरकारनेही शाळांविषयीचे निर्णय काढण्यापूर्वी या संघटनांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे. शाळा बंद पडते तेव्हा काय होते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.