होलेस विल्बर ॲलन

होलेस विल्बर ॲलन (१२ जुलै, १९०९ - २८ जून, १९७९) हे अमेरिकन संशोधक व धनुर्धारी शिकारी होते. कंपाउंड धनुष्याचे जनक म्हणून ते ओळखले जातात. धनुष्याच्या दोन्ही टोकांना मध्यापासून सरकवलेल्या आसाच्या कप्प्या बसवून त्यांनी धनुष्याच्या वर्तनाचा मूळ नियमच बदलला. आज शिकारीसाठी वापरली जाणारी बहुसंख्य आधुनिक धनुष्ये आणि स्पर्धांमधील कंपाउंड प्रकार ही दोन्ही त्यांच्या कल्पनेची अपत्ये आहेत.

मराठीत या धनुष्याला कधी कधी 'संयुक्त धनुष्य' म्हटले जाते, पण त्यामुळे घोटाळा होतो. शिंग, लाकूड व स्नायुतंतू एकत्र चिकटवून केलेली प्राचीन आशियाई धनुष्येही त्याच नावाने ओळखली जातात. ती निराळ्या द्रव्यांच्या संयोगाने बनत, तर ॲलन यांच्या धनुष्यात कप्पी आणि धनुष्य या दोन यंत्रांचा संयोग आहे. म्हणून या लेखात खेळाडूंच्या तोंडी रुळलेला 'कंपाउंड' हाच शब्द वापरला आहे.

पार्श्वभूमी

ॲलन अमेरिकेतील मिसूरी राज्याचे रहिवासी होते. त्यांच्या नावाची कंपनी त्याच राज्यातील बिलिंग्ज या छोट्या गावी होती. ते व्यवसायाने शास्त्रज्ञ नव्हते. हरणाची शिकार धनुष्याने करणारे हौशी शिकारी आणि हाताने काम करणारे कारागीर अशी त्यांची ओळख सांगता येईल. अमेरिकेत धनुष्याने हरीण मारण्यासाठी स्वतंत्र हंगाम ठेवण्याची प्रथा १९३४ साली विस्कॉन्सिन राज्यातून सुरू झाली आणि पुढे इतर राज्यांत पसरली. याच दशकात क्लॅरेन्स हिकमन, पॉल क्लॉपस्टेग यांसारख्या अभियंत्यांनी व भौतिकशास्त्रज्ञांनी धनुष्याच्या गतिशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास केला. पात्याचा आकार आणि द्रव्य यांत त्यामुळे मोठी सुधारणा झाली, मात्र धनुष्य म्हणजे दोन पाती व एक दोरी ही रचना तशीच राहिली.

शिकाऱ्यासमोरची अडचण ध्वनीच्या वेगाची होती. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर त्या काळच्या धनुष्यातून सुटलेला बाण साधारण ५५ ते ६० मीटर. हरीण तीस मीटरवर असेल, तर दोरीचा आवाज त्याच्या कानी सेकंदाच्या अकराव्या हिश्श्यात पोहोचतो आणि बाणाला मात्र अर्धा सेकंद लागतो. दचकलेले हरीण तेवढ्यात अंग चोरते व बाण रिकामा जातो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, जनावर नुसते जखमी होऊन पळते. बाण अधिक वेगाने जावा हा ॲलन यांचा ध्यास या अनुभवातून आला.

साध्या धनुष्याची मर्यादा

मावळ आणि कोकणच्या डोंगरपट्ट्यातील कातकरी समाजाच्या शिकारीत धनुष्यबाणाला जुने स्थान आहे. लाकूड-बांबूचे असे धनुष्य आणि ऑलिंपिकमधील महागडे रिकर्व्ह धनुष्य यांत कारागिरीचे अंतर कितीही असले, तरी दोन्हींना एकच नियम लागू होतो. दोरी जितकी मागे ओढावी तितका जोर अधिक लागतो. सर्वांत जास्त जोर लागतो तो दोरी पूर्ण मागे आल्यावर, म्हणजे नेमक्या त्या क्षणी जेव्हा हात स्थिर ठेवून नेम धरायचा असतो. अधिक वेगासाठी पाती कडक करावीत, तर माणसाला ती धरून ठेवता येत नाहीत. हा पेच हजारो वर्षे सुटला नव्हता.

शोध

१९६० च्या दशकात ॲलन यांनी एका रिकर्व्ह धनुष्याची टोके कापली व तेथे कप्प्या बसवल्या. नुसती कप्पी लावणे ही काही मोठी गोष्ट नव्हती. विहिरीवरच्या रहाटाला कप्पी असतेच, आणि जोर वाचवण्यासाठी कप्प्यांची जोडणी कशी करावी हेही जुनेच ज्ञान आहे. ॲलन यांची खरी करामत कप्पीच्या भोकात आहे. त्यांनी ते मध्यावर न ठेवता एका बाजूला सरकवले. अशी कप्पी फिरू लागली की आसापासून दोरीचे अंतर क्षणोक्षणी बदलते, आणि त्याबरोबर कप्पीचा यांत्रिक फायदाही बदलतो. ओढायला सुरुवात करताना कप्पी धनुर्धराच्या विरुद्ध असते आणि जोर भराभर वाढतो. अर्ध्याहून पुढे गेल्यावर तीच कप्पी त्याच्या बाजूने होते आणि जोर एकदम उतरतो. या उताराला धनुर्विद्येत 'लेट-ऑफ' म्हणतात.

याचा दुहेरी लाभ होतो. धनुष्यात साठणारी ऊर्जा केवळ कमाल जोरावर अवलंबून नसते, तो जोर किती अंतरभर टिकतो यावरही असते. साध्या धनुष्यात कमाल जोर शेवटच्या बोटभर अंतरात येतो. कंपाउंडमध्ये तो लवकर येतो व बराच वेळ टिकतो. त्यामुळे तितक्याच कमाल जोराच्या धनुष्यात बरीच अधिक ऊर्जा साठते आणि तरीही नेम धरताना हातावर थोडाच भार राहतो. या दोन गोष्टी एकाच वेळी साधणे हेच ॲलन यांचे कर्तृत्व होय.

२३ जून, १९६६ रोजी त्यांनी एकस्वासाठी (पेटंट) अर्ज केला. ३० डिसेंबर, १९६९ रोजी त्यांना अमेरिकेचे ३४८६४९५ क्रमांकाचे एकस्व मिळाले.

प्रसार व विरोध

प्रस्थापित उत्पादकांना हे चाकांचे धनुष्य प्रथम विचित्रच वाटले. कॅलिफोर्नियातील धनुष्यनिर्माते टॉम जेनिंग्ज यांनी मात्र त्याची चाचणी घेऊन त्याचे महत्त्व ओळखले. ॲलन यांच्या परवान्याने कंपाउंड धनुष्याचे उत्पादन करणारे ते पहिले. १९७० च्या दशकात इतर कंपन्यांनीही परवाने घेतले आणि दशक संपता संपता अमेरिकी शिकाऱ्यांच्या हाती बहुतांशी कंपाउंडच दिसू लागले.

विरोध झाला तो तत्त्वाचा. शिकाऱ्याने स्वतःच्या बळाने ताणलेले व धरलेले तेच धनुष्य, असे जुन्या मंडळींचे म्हणणे होते. भार स्वतःच पेलणारे यंत्र धनुष्याच्या हंगामात चालू द्यावे का, हा प्रश्न राज्यांच्या शिकार नियमांपर्यंत गेला. धनुष्याने केलेल्या शिकारींची नोंद ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबने कंपाउंड मान्य केले, पण लेट-ऑफ ६५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा ही अट दीर्घकाळ ठेवली. या आक्षेपात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. बारा वर्षांच्या सरावाने येणारे बळ चाकाने काही महिन्यांत मिळवून दिले होते. मात्र, जनावर जखमी होऊन तडफडण्याऐवजी तत्काळ मरावे, ही ज्या कसोटीला शिकारी स्वतःच बांधील असतात, त्या कसोटीवर कंपाउंडची बाजू भक्कम होती.

न्यायालयीन लढा आणि मृत्यू

स्वामित्वधनावरून व एकस्वाच्या वैधतेवरून ॲलन यांच्या कंपनीचे उत्पादकांशी खटले झाले. त्यांत जेनिंग्ज यांची कंपनीही होती. अंतिम निकाल ऐकायला ॲलन हयात नव्हते. दोन मोटारींच्या धडकेत झालेल्या दुखापतींमुळे २८ जून, १९७९ रोजी, सत्तरावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, त्यांचा मृत्यू झाला. जेनिंग्ज यांच्या कंपनीशी चाललेल्या दाव्यात अपील न्यायालयाचा निर्णय १९८२ मध्ये आला. ब्राउनिंग कंपनीविरुद्धच्या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने एकस्व वैध असल्याचे व त्याचा भंग झाल्याचे १९८७ मध्ये मान्य केले. तोपर्यंत एकस्वाची १७ वर्षांची मुदतही संपून गेली होती.

आजचे कंपाउंड शिकारी धनुष्य

ॲलन यांच्या गोल कप्पीची जागा आता संगणकावर आखलेल्या, वेड्यावाकड्या आकाराच्या 'कॅम'ने घेतली आहे. पोलादी तारांऐवजी न ताणणारे कृत्रिम धागे आले. मधला दांडा ॲल्युमिनियमचा किंवा कार्बन तंतूंचा असतो. पाती आखूड व अत्यंत कडक असून हाताने वाकत नाहीत, ती केवळ कॅममुळे वाकतात. एका टोकाच्या आसापासून दुसऱ्या टोकाच्या आसापर्यंत शिकारी धनुष्य ३० ते ३३ इंच भरते. स्पर्धेचे रिकर्व्ह ६६ ते ७० इंचांचे असते हे लक्षात घेतले, म्हणजे झाडीत किंवा मचाणावर आखूड धनुष्याची सोय कळते.

सुरुवातीच्या धनुष्यांत लेट-ऑफ माफक होता, आता ८० ते ८५ टक्के सर्रास आढळतो. ७० पौंडांचे, म्हणजे सुमारे ३२ किलोग्रॅम जोराचे धनुष्य ८० टक्के लेट-ऑफमुळे पूर्ण ताणावर अवघ्या साडेसहा किलोग्रॅम भाराने धरता येते. वेगाची जाहिरात ७० पौंड जोर, ३० इंच खेच आणि ३५० ग्रेन (सुमारे २२.७ ग्रॅम) वजनाचा बाण या मापाने केली जाते. त्या मापाने सेकंदाला ३३० ते ३५० फूट, म्हणजे १०० मीटरच्या पुढे वेग मिळतो. शिकारीचे बाण याहून जड असल्याने प्रत्यक्ष वेग कमी भरतो, हे जाहिरात वाचताना विसरले जाते. शिवाय आवाज अजूनही बाणाच्या तिपटीहून अधिक वेगाने धावतो. ॲलन यांची मूळ अडचण कमी झाली, नाहीशी झाली नाही.

या धनुष्याला त्याचे असे पथ्यही आहे. प्रत्येक धनुष्य एका विशिष्ट खेचेला जुळवलेले असते, त्यामुळे घरातल्या दुसऱ्याने ते सहज वापरावे असे होत नाही. दोरी बदलायला विशेष दाबयंत्र लागते. बाण न लावता दोरी सोडली तर सारी ऊर्जा पात्यांत व कॅममध्ये परतते आणि धनुष्य फुटू शकते. साध्या धनुष्याची दुरुस्ती रानात करता येते, याची करता येत नाही.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस बंदी असल्याने शिकारीसाठी जन्मलेले हे धनुष्य येथे खेळाचे साधन म्हणूनच वाढले. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंड प्रकार १९९५ साली जकार्ता येथे व आशियाई क्रीडा स्पर्धेत २०१४ साली इंचॉन येथे आला. इंचॉनला भारतीय पुरुष संघाने सुवर्णपदक मिळवले.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या आदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी आणि नागपूरचे ओजस देवतळे असे महाराष्ट्राचे दोन खेळाडू वैयक्तिक विजेते ठरले. देवतळे यांनी अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. याचा अर्थ, ५० मीटरवरून सोडलेल्या पंधराही बाणांनी आठ सेंटिमीटर व्यासाच्या मध्यवर्तुळाचा वेध घेतला. त्याच वर्षी हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत देवतळे यांनी तीन सुवर्णपदके जिंकली. पुरुष सांघिक सुवर्णात बुलढाण्याचे प्रथमेश जावकर त्यांच्याबरोबर होते.

ऑलिंपिकमध्ये आजवर कंपाउंड प्रकार खेळवला गेलेला नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी मिश्र सांघिक कंपाउंड प्रकाराचा समावेश करण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला.