मोळीपासून महाद्वारापर्यंत

कोकणातील पालगड येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी जन्मलेले पांडुरंग सदाशिव साने अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि कायमचे ‘साने गुरुजी’ ठरले. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. हे पुस्तक केवळ डोळे ओलावणारे, हा समज अपुरा आहे. त्यातील आई थकलेल्या अस्पृश्य म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास श्यामला सांगते. सोवळ्या घरात हे धाडसच! गुरुजींनी तो धडा पुस्तकात ठेवला नाही. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले. दहाव्या दिवशी मागणी मान्य झाली. ११ जून १९५० रोजी, पन्नाशीतच, त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली.