संत लिडविना : आजाऱ्यांची सोबतीण

ख्रिस्तसभा १४ एप्रिल रोजी संत लिडविनाचे स्मरण करते. आपल्याकडे हे नाव फारसे कुणाच्या ओठी नसते. नेदरलँड्स देशातील स्खिडाम या गावात मात्र तिच्या नावाचे बॅसिलिका आहे, आणि दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेले जगभरचे लोक तिला आपली आश्रयदाती मानतात. तिचे चरित्र आम्ही आज सांगतो आहोत ते केवळ भक्तीसाठी नाही. त्यात आपल्या घरांसाठी एक सावधगिरीचा धडाही आहे.

लिडविनाचा जन्म १८ मार्च १३८० रोजी बेताच्या परिस्थितीतील एका कुटुंबात झाला. आठ भावांची ती एकुलती एक बहीण. देखणी, कामसू आणि देवभीरू. पंधरा वर्षांची असताना ऐन हिवाळ्यात ती आजारी पडली. जरा बरे वाटू लागताच मैत्रिणींच्या आग्रहावरून ती गोठलेल्या कालव्यावर स्केटिंग करायला गेली. तेथे ती पडली आणि तिची बरगडी मोडली. तिच्या पडण्याचे चित्र १४९८ साली छापलेल्या तिच्या चरित्रात आहे, आणि स्केटिंगच्या सर्वांत जुन्या छापील चित्रांत ते गणले जाते.

बरगडी मोडली तर काही आठवड्यांत माणूस हिंडू-फिरू लागतो. लिडविनाचे तसे झाले नाही. डोके आणि दात असह्य दुखू लागले. चालताना आधार लागू लागला. भिंतीला, सामानाला धरत ती घरात वावरे. एकोणिसाव्या वर्षापर्यंत दोन्ही पायांतले बळ गेले, दृष्टी अधू झाली. पुढे उजवा हातही निकामी झाला. एका डोळ्याला दिसेना, तर दुसऱ्याला उजेड सहन होईना. मधूनच आजार ओसरल्यासारखा वाटे, पुन्हा उलटे. गॉडफ्रीड नावाच्या नामांकित वैद्याने तिला तपासले आणि यावर आपल्यापाशी इलाज नसल्याचे स्पष्ट सांगितले.

शरीराच्या यातनांबरोबर तिला संशयही सोसावा लागला. कुणी तिला ढोंगी म्हटले, कुणी भूतबाधा झाल्याचे सांगितले. खुद्द तिच्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनीही एके काळी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. एक धर्मगुरू म्हणून ही गोष्ट आम्हांला विशेष बोचते. याउलट यान पॉट नावाच्या दुसऱ्या धर्मगुरूने तिच्या खाटेशी बसून तिला प्रभूच्या दुःखसहनावर मनन करायला शिकवले. सुरुवातीला तिला ते जमेना, ती निराश होई. हळूहळू मात्र तिची खोली गावातील गोरगरिबांचे आधारस्थान झाली. मिळालेले दान ती वाटून टाकी. १४ एप्रिल १४३३ रोजी, पुनरुत्थान सणाच्या मंगळवारी, तिने देह ठेवला. पोप तेरावे लिओ यांनी १८९० साली तिच्या भक्तीला अधिकृत मान्यता दिली.

१९७९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात तिच्या जुन्या चरित्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार असावा, असा तर्क त्यात मांडला होता. सहाशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदान खात्रीने करता येत नाही, हे खरे. पण तिची लक्षणे या आजाराशी पुष्कळ जुळतात.

हा आजार आहे तरी काय? आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचे वेष्टण असते, विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असते तसे. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून त्या वेष्टणावर हल्ला करते आणि मेंदूचे निरोप अडखळतात. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान हा आजार डोके वर काढतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो.

सुरुवातीच्या खुणा साध्या भासतात. एका डोळ्याने अंधुक दिसणे व डोळा फिरवताना दुखणे. हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा. पाय जड होणे, तोल जाणे. मान खाली वाकवताच पाठीतून विजेसारखा झटका जाणे. लघवीची अनावर घाई. विश्रांती घेऊनही न जाणारा थकवा. ही लक्षणे काही दिवस किंवा आठवडे टिकतात आणि पुष्कळदा आपोआप कमी होतात. खरी फसगत येथेच होते. बरे वाटले की आपण विषय सोडून देतो, आणि आजार आतल्या आत पुढे सरकत राहतो.

प्रत्येक मुंगी म्हणजे हा आजार नव्हे. मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता अशी इतर अनेक कारणे असू शकतात. म्हणून घाबरू नये, पण अंगावरही काढू नये. असे लक्षण एक दिवसाहून अधिक टिकले किंवा पुन्हा उद्भवले, तर डॉक्टरांना दाखवावे. गरज भासल्यास ते न्यूरोलॉजिस्टकडे पाठवतील. एम.आर.आय. तपासणीने निदानाला मोठी मदत होते. आजार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही, पण त्याचा वेग रोखणारी औषधे आहेत, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितके अपंगत्व टळू शकते. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे.

काही भाविकांना वाटते की दुःख मुकाट्याने सोसणे हीच श्रद्धा. आमच्या मते येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. दुःखाचे कारण काय, हा एक प्रश्न. त्या दुःखात जगायचे कसे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर डॉक्टरांकडे शोधायचे, दुसऱ्याचे प्रभूच्या क्रुसापाशी. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या दारी मागू नये. लिडविनापाशीही वैद्य आला होता आणि धर्मगुरूही.

आपल्या घरातली सून वारंवार थकते, कॉलेजात जाणारा मुलगा अडखळतो, हातातली भांडी निसटतात. अशा वेळी आळशी, नाटकी किंवा वेंधळे हे शब्द आपल्या तोंडून पटकन निघतात. दृष्ट काढण्यात, बाहेरचे काही आहे का ते पाहण्यात महिने जातात. त्याऐवजी आपण आधी त्या माणसाचे ऐकून घेऊ या, त्याच्यावर विश्वास ठेवू या आणि त्याच्यासोबत दवाखान्यात जाऊ या. नुसते शेजारी बसणे हेही सेवाकार्यच आहे.

हे संत लिडविना, आमच्या धर्मग्रामातील सर्व आजाऱ्यांसाठी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांसाठी विनंती कर.