पाण्यात गेलेला पैसा

एकेकाळी रात्रीच्या मुंबईत दुकाने, सिनेमागृहे आणि हॉटेले यांच्या माथ्यावर निऑनच्या लालभडक पाट्या झळकत असत. आता त्यांची जागा बहुतांशी एलईडीने घेतली आहे. हा लाल उजेड जगाला देणाऱ्या माणसाने आपली दौलत पुढे कशावर उधळली, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. ती त्याने समुद्रावर उधळली. त्याचे नाव जॉर्ज क्लोद.

क्लोदचा जन्म २४ सप्टेंबर १८७० रोजी पॅरिसमध्ये झाला. भौतिक व रसायनशास्त्र शिकून बाहेर पडलेल्या या तरुणाला पुस्तकी प्रश्नांपेक्षा कारखान्यातल्या अडचणी जास्त खुणावत. ॲसिटिलीन वायू दाबून भरला की त्याचा स्फोट होई. तो ॲसिटोनमध्ये विरघळवून सुरक्षितपणे नेता येतो, हे त्याने १८९७च्या सुमारास सहकाऱ्याच्या मदतीने दाखवले. १९०२ मध्ये हवेचे द्रवीकरण करण्याची स्वस्त रीत त्याला साधली. त्या जोरावर उभी राहिलेली एअर लिकीद ही कंपनी आजही जगभर ऑक्सिजन पुरवते. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढताना थोडासा निऑनही हाती लागे. तो काचेच्या नळीत भरून त्यातून वीज सोडली, की लाल प्रकाश पडे. १९१०च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात बारा मीटर लांबीच्या अशा दोन नळ्या झळकल्या आणि जाहिरातीचे जगच पालटले. १९२४ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्य करून घेतले. पैसा होता, कीर्ती होती, वय चोपन्न. कोणीही इथे थांबला असता.

क्लोद थांबला नाही. त्याचा ज्येष्ठ स्नेही दार्सोंव्हाल याने १८८१ मध्येच एक कल्पना मांडली होती. उष्ण प्रदेशात समुद्राचे वरचे पाणी कोमट असते आणि खोलवरचे गार. या फरकावर यंत्र चालवता येईल, अशी ती कल्पना. क्लोदने ती उचलली आणि आपल्या पद्धतीने सोपी केली.

स्वयंपाकघरातले उदाहरण घेऊ. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर गेल्यावरच उकळते. याच्या उलट दाब कमी केला तर? तो हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण तिसाव्या हिश्श्यावर आणला, तर समुद्राचे कोमट पाणी चुलीवाचून उकळू लागते. त्या वाफेवर चक्र फिरवायचे आणि खालच्या गार पाण्याने वाफ पुन्हा थंड करायची. ही वाफ खाऱ्या पाण्यात न मिसळता निववली, तर मीठ मागेच राहते आणि हाती येते ते गोडे पाणी. एकाच यंत्रातून वीज आणि पिण्याचे पाणी, तेही कोळशाशिवाय!

१९२६ मध्ये क्लोद आणि त्याचा सहकारी पॉल बूशेरो यांनी अकादमीपुढे कोमट पाणी आणि बर्फ घेऊन छोटे दिवे पेटवून दाखवले. १९२८ मध्ये बेल्जियममध्ये मोठी चाचणी झाली. मग क्लोद क्यूबातील मातांझासच्या उपसागराकाठी गेला. गार पाणी आणायला सुमारे दोन किलोमीटर लांबीचा प्रचंड नळ समुद्रात सोडायचा होता. पहिला नळ गेला. दुसराही गेला. खर्च बराचसा त्याच्या स्वतःच्या खिशातला. १९३० मध्ये तिसरा नळ नीट बसला आणि २२ किलोवॉट वीज निर्माण झाली. मात्र पंप वगैरे चालवायला लागणारी वीज त्याहून जास्त होती. काही काळातच हा नळही समुद्राने गिळला. पुढे त्याने एका जुन्या मालवाहू जहाजावर यंत्रे चढवली आणि ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे बर्फ तयार करण्याचा बेत आखला. तिथेही लाटांनी नळ टिकू दिला नाही. आपल्याकडे म्हणतात तसा पैसा अक्षरशः पाण्यात गेला.

पुढचे प्रकरण सांगायला जड आहे, पण ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लोकशाहीचा तिटकारा असलेला हा शास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीशी सहकार्य करावे, असा उघड प्रचार करत राहिला. फ्रान्स मुक्त झाल्यावर अकादमीने त्याला काढून टाकले आणि १९४५ मध्ये न्यायालयाने जन्मठेप सुनावली. काही वर्षांनी सुटका झाली. २३ मे १९६० रोजी तो वारला. समुद्राने केलेला पराभव दुर्दैवाचा होता. हा मात्र त्याने स्वतः ओढवून घेतलेला होता.

कल्पना मात्र माणसाबरोबर गेली नाही. हवाई बेटावर १९९३ पासून काही वर्षे चाललेल्या प्रायोगिक केंद्राने याच रीतीने वीज आणि गोडे पाणी दोन्ही काढून दाखवले. आपल्या लक्षद्वीपमध्ये तर हा प्रश्न रोजच्या घोटाचा आहे. प्रवाळाच्या त्या चिमुकल्या बेटांवर नद्या नाहीत. जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, आणि उपसा वाढला की विहीर मचूळ होते. २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने कवरत्ती बेटावर रोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारे केंद्र उभारले. कमी दाबाखाली उकळणारे वरचे पाणी, सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेले गार पाणी, तत्त्व तेच. नंतर मिनिकॉय, अगत्ती आणि इतर बेटांवरही अशी केंद्रे आली.

एक उणीव मात्र राहिली. या केंद्रांचे पंप चालतात ते बेटावरच्या डिझेलच्या विजेवर, आणि ते डिझेल येते जहाजाने. म्हणूनच पंपांची वीजसुद्धा समुद्राच्या उष्णतेतूनच मिळवण्याचा प्रकल्प याच संस्थेने कवरत्तीत हाती घेतला. मातांझासच्या काठावर क्लोद ज्या हिशेबात हरला, तोच हा हिशेब: यंत्राने खाल्ल्यापेक्षा जास्त द्यायला हवे.

क्लोदचा पुतळा उभारावा, असे त्याचे आयुष्य नव्हे. पण कवरत्तीतल्या घरात गोड्या पाण्याचे भांडे भरते, तेव्हा त्याने समुद्रात घालवलेल्या पैशातला थोडासा वसूल झाला, असे म्हणायला हरकत नाही.