चिमणरावांचे जनक

काही लेखकांची कीर्ती त्यांच्या मानसपुत्राच्या नावाने चालते. चिंतामण विनायक जोशी हे अशा लेखकांपैकी एक होत. त्यांचे चिमणराव महाराष्ट्रात घरोघर जाऊन पोहोचले. परंतु त्या चिमणरावांना जन्म देणारा हा लेखक बौद्ध वाङ्मयाचा गाढा पंडित होता, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानीही नसते.

चिंतामणरावांचा जन्म १९ जानेवारी १८९२ रोजी पुणे येथे झाला. त्यांचे उच्च शिक्षण तेथील फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. त्या वेळी धर्मानंद कोसंबी तेथे पाली भाषा शिकवीत असत. बुद्धधर्माच्या ज्ञानासाठी नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश असा खडतर प्रवास केलेला तो थोर गुरू! त्यांच्या सहवासात चिंतामणरावांना पालीची गोडी लागली, ती जन्मभर टिकली. पुढे ते बडोद्यास पालीचे अध्यापन करू लागले. त्या संस्थानाचे राजदफ्तरदार म्हणूनही त्यांनी काम पाहिले. जातकांतील निवडक गोष्टी त्यांनी मराठीत आणल्या आणि शाक्यमुनी गौतमाचे चरित्रही लिहिले.

असा हा विद्वान विनोदाकडे वळला, आणि तोही कोणाच्या? घरातील वडिलांच्या!

त्या काळी वडील म्हणजे घरातील धाकाची मूर्ती. त्यांची पावले दाराशी वाजली, की खेळणारी मुले पुस्तके उघडून बसत. वडिलांपुढे मोठ्याने बोलणे हा उद्धटपणा मानला जाई. मग त्यांना हसण्याची गोष्ट तर दूरच! अशा दिवसांत, १९३२ साली चिंतामणरावांचे 'एरंडाचे गुऱ्हाळ' आणि १९३३ साली 'चिमणरावांचे चऱ्हाट' ही पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांतील चिमणराव हे पुण्यातले एक साधे कारकून. देह किडकिडीत, स्वभाव भित्रा. पण आपण मोठे शूर आणि व्यवहारचतुर आहोत, अशी त्यांची ठाम समजूत. पत्नी कावेरी, तिला सारे काऊ म्हणत. मुलांची नावे मोरू, मैना आणि राघू. म्हणजे ते घर कसले, पाखरांचा थवाच! जोडीला हाती सोटा घेतलेला, नात्यातला धिप्पाड गुंड्याभाऊ होताच. चिमणरावांनी घरासाठी एखादे काम अंगावर घ्यावे आणि त्याचा पुरता घोटाळा व्हावा, हे ठरलेलेच.

मग चिंतामणरावांनी वडिलांची थट्टा करून त्यांचा मान घालविला काय? तसे म्हणता येणार नाही. चिमणरावांची फजिती दुसरा कोणी सांगत नाही. ते स्वतःच ती सांगतात. आपल्या बढाया आणि आपली कृती यांतील अंतर त्यांना दिसत नाही, ते वाचकाला दिसते; तेथेच हसू फुटते. शिवाय त्यांच्या बहुतेक फजितीच्या मुळाशी कुटुंबाविषयीची काळजी असते. ते घाबरतात, पण घर सोडून पळत नाहीत. म्हणून आपण त्यांना हसतो आणि त्याच वेळी ते आपल्याला आपले वाटतात. चिंतामणरावांनी दुबळ्यांना किंवा परक्यांना हसण्याचा सोपा मार्ग धरला नाही. स्वतःसारख्याच नोकरदार, मध्यमवर्गीय गृहस्थाला त्यांनी हसण्याचा विषय केले. मनुष्याचे दोष ओळखावे, पण त्याचा तिरस्कार करू नये, ही वृत्ती त्यांच्या सर्व विनोदात आढळते.

१९४० साली 'लग्न पहावे करून' या चित्रपटातून चिमणराव पडद्यावर आले. दामुअण्णा मालवणकरांनी चिमणरावांची आणि विष्णुपंत जोगांनी गुंड्याभाऊंची भूमिका केली.

१९६३ साली चिंतामणराव निवर्तले. महाराष्ट्रात तेव्हा दूरदर्शन यावयाचे होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईस दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि त्याच दशकात चिमणराव पुन्हा अवतरले, ते थेट लोकांच्या बैठकीच्या खोलीत! दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ज्या वडिलांच्या धाकाने पूर्वी मुले गप्प बसत, तेच वडील आता मुलांच्या शेजारी बसून पडद्यावरील एका वडिलांची फजिती पाहून हसू लागले. लेखकाच्या मृत्यूनंतर त्याच्या लेखणीला लाभलेले हे केवढे यश!

त्यानंतर दूरदर्शनच्या विनोदी मालिकांतून धांदरट वडील पुष्कळ आले. काही ठिकाणी इतरांचे शहाणपण उठून दिसावे म्हणून वडिलांना निव्वळ मूर्ख ठरविले जाते. तेथे हसू येते. पण ते लवकर विरते. चिमणराव मात्र टिकले. मुलांनो, असा एखादा विनोद पाहाल तेव्हा एक गोष्ट पारखून पाहा. हसून झाल्यावर त्या माणसाविषयी मनात तुच्छता उरते की माया? माया उरत असेल, तर तो विनोद चिंतामणरावांच्या कुळातला आहे, असे खुशाल समजा.