दवाखाना सुटला, ‘डॉक्टर’ राहिला



बारावीचा निकाल जवळ आला की आपल्या राहुरीत एकच चर्चा असते, नीटला किती पडतील? कृषी विद्यापीठ इथं हाकेच्या अंतरावर आहे, तरी पोराच्या नावापुढे ‘डॉ.’ लागावं हीच आपली इच्छा. पण हे ‘डॉ.’ मिळाल्यावर एखाद्याने दवाखानाच सोडला तर? आज अशाच एका माणसाची गोष्ट सांगतो : डॉ. काशिनाथ घाणेकर.

घाणेकर मूळचे चिपळूणचे. मुंबईत दातांचे डॉक्टर झाले. हाताला कौशल्य होतं, पोटापाण्याची सोय होती. त्या काळी याहून जास्त काय हवं होतं? पण जीव अडकला होता रंगभूमीत. १९६२ साली वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आलं. शिवाजी महाराज आणि संभाजीराजे या पिता-पुत्रांमधल्या ताणाचं हे नाटक. त्यातल्या संभाजीने घाणेकरांना घराघरांत पोहोचवलं. नाटकाचे दौरे वाढले तसा दवाखाना मागे पडत गेला.

पुढे १९६६ मध्ये ‘अश्रूंची झाली फुले’ आलं. प्रभाकर पणशीकरांचे तत्त्वनिष्ठ प्राध्यापक विद्यानंद आणि समोर घाणेकरांचा उनाड विद्यार्थी लाल्या. आपण शिक्षकांनी हे नाटक जरूर लक्षात ठेवावं. त्यात प्राध्यापक वाट चुकतात आणि वाया गेलेला वाटणारा लाल्या पोलीस अधिकारी होऊन समोर उभा राहतो. लाल्या रंगमंचावर आला की शिट्ट्यांनी नाट्यगृह दणाणायचं. ‘पाठलाग’, ‘मधुचंद्र’, ‘एकटी’ हे चित्रपटही गाजले. जाहिरातीत त्यांचं नाव सगळ्यांच्या शेवटी, ‘आणि’ या शब्दानंतर यायचं. मात्र तिथंही ‘डॉ.’ होतंच. दवाखाना सोडला तरी ते अक्षर त्यांनी सोडलं नाही.

इथवरची गोष्ट आपण मुलांना आनंदाने सांगतो. आवड जपा, यश मिळेल! पण पुढचंही सांगायला हवं. सत्तरच्या दशकात अभिनयाची रीत बदलली. कान-नाक-घशाचे सर्जन असलेले डॉ. श्रीराम लागू १९६९ मध्ये व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाले. त्यांचा संयत अभिनय लोकांना भावू लागला. घाणेकरांची टाळ्या घेणारी शैली जुनी वाटू लागली. दंतवैद्य ही ओळख त्यांनी सहज उतरवून ठेवली होती. लोकप्रिय नट ही ओळख मात्र उतरवता येईना. दारूने शरीर पोखरलं. २ मार्च १९८६ रोजी नाटकाच्या दौऱ्यावर असताना अमरावतीत त्यांचं निधन झालं. आज ठाण्यात त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे.

मग त्यांनी दवाखाना सोडला ही चूक होती का? मला तसं वाटत नाही. दवाखान्यात बसून राहिले असते तर लाल्या आपल्याला दिसलाच नसता. चूक असेल तर ती एकाच ओळखीवर सगळा जीव टांगण्यात. ती ओळख डॉक्टरची असो की नटाची.

म्हणून एवढंच सांगणं आहे. मुलाला काय व्हायचंय हे जरूर विचारा. पण ते झालं नाही, किंवा होऊन सुटलं, तरी तू आमचाच आहेस, हेही त्याला निकालाच्या आधी सांगा. निकालानंतर सांगितलं तर ते फक्त सांत्वन वाटतं.