शेवाळासारखे दिसते, पण शेवाळ नव्हे

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचा सुळका समोर येतो. पावसाळ्यात तिथल्या झाडीत शिरले तर ओढ्याकाठच्या दगडांवर आणि पायवाटेच्या ओल्या मातीच्या कडांवर एक नाजूक हिरवी नक्षी पसरलेली दिसते. येणारे-जाणारे तिला शेवाळ म्हणतात आणि पुढे जातात. ते शेवाळ नसते, नेचाही नसतो. ती असते सिलॅजिनेला, म्हणजे क्लबमॉस या प्राचीन घराण्यातली वनस्पती. फुलाफळांच्या झाडांपुढे अशा बिनफुलाच्या वनस्पतींची दखल कोणी घेत नसे, त्या काळात मुंबई इलाख्यात त्यांच्या मागे लागलेला एक माणूस म्हणजे फादर एथेलबर्ट ब्लॅटर.

ब्लॅटर यांचा जन्म 15 डिसेंबर 1877 रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाला. तरुणपणीच ते जेझुइट संघात दाखल झाले आणि 1903 मध्ये मुंबईला आले. धोबीतलाव भागातले सेंट झेवियर्स कॉलेज तेव्हा जर्मन जेझुइटांच्या हाती होते. तिथे शिकवायचे तर विद्यार्थ्यांच्या हातात द्यायला इथल्याच वनस्पती हव्यात. युरोपातल्या पुस्तकांतली चित्रे दाखवून सह्याद्रीचे रान कसे समजणार? ब्लॅटर यांनी गोळा करायला सुरुवात केली आणि 1906 मध्ये कॉलेजात वनस्पतिसंग्रह उभा राहिला. दाबून वाळवलेली वनस्पती कागदावर चिकटवायची, कोपऱ्यात नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहायचे, एवढेच ते काम. वर्षानुवर्षे न कंटाळता करणारे मात्र थोडे असतात.

मधली काही वर्षे धर्मशिक्षणासाठी युरोपात गेली. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन जेझुइटांना भारत सोडावा लागला. ब्लॅटर स्विस असल्यामुळे त्या फेऱ्यातून वाचले आणि कॉलेजची बरीच जबाबदारी त्यांच्यावर आली. 1919 ते 1924 या काळात ते प्राचार्य होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे उपाध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. पदांची यादी इथेच थांबवलेली बरी, कारण त्यांचे खरे काम रानात आणि त्या कागदांवर झाले.

थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात पूर्ण केला होता. तो फुलणाऱ्या वनस्पतींचा. नेचे आणि त्यांचे भाऊबंद त्यात नव्हते. ही उणीव भरून काढण्याच्या दिशेने ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी जे. एफ. डी’आल्मेडा यांनी 1922 मध्ये मुंबईच्या नेच्यांवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. बिनफुलाची वनस्पती ओळखणे हे वेगळेच प्रकरण आहे. पाकळ्या मोजता येत नाहीत, पुंकेसर नाहीत, फळ नाही. मग पानाची मांडणी, खोडाचे फाटे, बीजुके कुठे धरतात आणि ती कशी असतात, यावरच भिस्त ठेवावी लागते.

कर्नाळ्याच्या त्या हिरव्या नक्षीलाही हीच कसोटी लावून पाहता येते. एक फांदी न तोडता नुसती बोटावर घेऊन दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरली, तर पाने चार ओळींत दिसतात. दोन ओळी बाजूंना पसरलेल्या, जरा मोठ्या पानांच्या. दोन ओळी वरच्या अंगाला खोडाला चिकटून बसलेल्या, बारीक पानांच्या. या दोन मापांच्या पानांमुळे फांदी चपटी, झालरीसारखी वाटते. खऱ्या शेवाळात, म्हणजे मॉसमध्ये, अशी मांडणी नसते; त्याची बीजुके केसासारख्या देठाच्या टोकावरच्या इवल्या डबीत असतात आणि त्याला पाणी वाहून नेणाऱ्या खऱ्या नलिका नसतात. सिलॅजिनेलाला त्या असतात, म्हणून तिचे खोड तारेसारखे चिवट लागते.

पुढची खूण फाट्यांची. खोड जिथे दुभंगते तिथून खाली मातीकडे झेपावणारा, पान नसलेला पांढुरका दोर दिसतो. तो टेकूही असतो आणि मुळांचा वाहकही. फांदीचे टोक पाहिले तर तिथे पाने दाटून चौकोनी शेंडा झालेला असतो. हा तिचा शंकू. त्यात दोन प्रकारची बीजुके असतात: मोठी, एका पिशवीत बहुधा चारच; आणि धुळीसारखी बारीक, असंख्य. शेंडा भिंगाखाली पिवळसर, किंचित फुगीर दिसला की शंका उरत नाही.

खरा क्लबमॉस म्हणजे लायकोपोडियम. त्याची पाने सुईसारखी, सगळी साधारण एकाच मापाची आणि खोडाभोवती चहूबाजूंनी. शंकू उभ्या गदेसारखा, म्हणून हे नाव. बीजुके एकाच प्रकारची. नेचा ओळखणे त्याहून सोपे: कोवळे पान घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असते आणि बीजुकांचे ठिपके पानाच्या पाठीवर असतात. जागाही साक्ष देते. सिलॅजिनेलाच्या बहुतेक जातींना सावली, ओल आणि न तुडवलेली माती लागते. सह्याद्रीच्या ओढ्यांकाठी सिलॅजिनेला डेलिकॅट्युला चांगली हातभर वाढते, तर गवतात लपणारी सिलॅजिनेला सिलिॲरिस गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाही. पाऊस सरला की यांतल्या बारीक जाती वाळून नाहीशा होतात, म्हणून शोधायचे ते ऑगस्ट-सप्टेंबरातच. अभयारण्यातून काहीही उपटून आणणे कायद्याने गुन्हा आहे. फोटो आणि भिंग पुरेसे आहे.

जगात सिलॅजिनेलाच्या सुमारे सातशे जाती आहेत आणि घराण्याचा इतिहास चाळीस कोटी वर्षांचा. याच घराण्यातल्या वृक्षांएवढ्या पूर्वजांपासून युरोप-अमेरिकेतला पुष्कळसा कोळसा बनला. (चंद्रपूरचा कोळसा मात्र त्यांचा नाही. तो नंतरच्या काळातला, मुख्यतः ग्लॉसोप्टेरिस नावाच्या लुप्त वनस्पतींचा.)

ओळख चुकली तर काय बिघडते? औषधाच्या बाबतीत बरेच बिघडते, आणि ब्लॅटर यांच्या आयुष्यातला शेवटचा मोठा भाग याच प्रश्नाशी जोडलेला आहे. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर या मुंबईकर लष्करी शल्यवैद्याने बामनदास बसू यांच्यासह भारतीय औषधी वनस्पतींवर ग्रंथ रचला. कीर्तिकर 1917 मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी तो प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी, सुधारित आवृत्ती 1933 पासून निघू लागली. तिचे संपादन केले ब्लॅटर, फादर कायस आणि डॉ. म्हसकर यांनी. एकच देशी नाव चार प्रांतांत चार वेगळ्या झाडांना असते. ग्रंथ वापरणाऱ्या वैद्याला नेमके झाड कोणते ते कळले नाही, तर उरलेली सारी माहिती व्यर्थ. कायस आणि म्हसकर यांनी सर्पदंशावरच्या देशी वनस्पती तपासल्या होत्या. शेकडो वनस्पती पाहिल्या आणि विषावर उतारा म्हणावा अशी एकही सापडली नाही. पनवेल-कर्जतच्या वाड्यांमध्ये साप चावल्यावर आजही कोणी पाला शोधत बसत असेल, तर हा निष्कर्ष 1931 मधलाच आहे. थेट रुग्णालय गाठावे.

क्लबमॉसच्या घराण्यातही असे सापळे आहेत. लायकोपोडियमची बीजुके पूर्वी गोळ्यांना लावायला आणि शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांवर भुरभुरायला वापरत. ती जखमेत राहून गाठी होतात असे लक्षात आल्यावर तो वापर सुटला. ह्युपर्झिया ही हुबेहूब भासणारी चुलत बहीण. तिच्यातल्या ह्युपर्झीन या द्रव्याचा स्मृतिभ्रंशावर अभ्यास झाला आहे, पण लायकोपोडियम समजून हिचा काढा घेतला तर उलट्या, घाम, चक्कर अशी विषबाधा होऊ शकते. यात्रांमध्ये संजीवनी म्हणून विकले जाणारे सुके गोळे पुष्कळदा सिलॅजिनेला ब्रायोप्टेरिसचे असतात. ती मध्य भारतातल्या कातळांवर वाढते. पाण्यात टाकताच ती उलगडते, हे खरे. वाळूनही जगण्याची तिची क्षमता विलक्षण आहे. मात्र ती खाल्ल्याने माणसाच्या अंगी ती क्षमता येते, याला पुरावा नाही.

प्राचार्यपद सोडल्यावर ब्लॅटर यांची शेवटची वर्षे प्रामुख्याने पाचगणीत गेली. प्रकृती साथ देत नव्हती, तरी लेखन थांबले नाही. पाम वृक्षांवरचे पुस्तक 1926 मध्ये आले, त्यापाठोपाठ काश्मीरच्या फुलांवरचे. कासच्या पठारावर पांढऱ्या फुलांचे तुरे मिरवणाऱ्या दीपकाडीच्या शास्त्रीय नावामागे ‘ब्लॅट.’ अशी अक्षरे दिसतात, ती त्यांचीच. त्यांच्याबरोबर गोळा करायला कॅसलरॉकला जन्मलेले चार्ल्स मॅककॅन होते, अभ्यासात टी. एस. सबनीस होते. सिंधूच्या मुखाजवळच्या वनस्पतींवर या तिघांनी मिळून लिहिले. 1932 मध्ये एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगालने ब्रूल स्मृतिपदक पहिल्यांदाच दिले, ते ब्लॅटर यांना.

26 मे 1934 रोजी त्यांचे निधन झाले. मॅककॅन यांच्यासह लिहिलेले मुंबईच्या गवतांवरचे पुस्तक पुढच्या वर्षी बाहेर पडले, आणि सुंदर भारतीय वृक्षांवरचे, डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्यासह केलेले, 1937 मध्ये. सेंट झेवियर्समधला संग्रह आता ब्लॅटर हर्बेरियम या नावाने ओळखला जातो. तिथे लाखाहून अधिक नमुने आहेत. कोकणातल्या एखाद्या वनस्पतीचे नाव नक्की करायचे झाले, तर अभ्यासक अजून त्या कपाटांपाशी जातात आणि हातातली फांदी शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाशेजारी ठेवून पाहतात.